हाडवैरीण

बायकांच्या मॅचमधली व्हिलन जहाजावर निघून गेली, तेव्हा तिच्या मोठ्या मॅचचा रविवार दहा दिवसांवर आला होता.

तिचा मूळ धंदा केस कापायचा. कुठल्याशा मोठ्या प्रवासी जहाजावर तिला तसलीच नोकरी लागली. तिने मालकांना फोन केला आणि म्हणाली, "तुमच्याकडे चार वर्षं लोकांचे केस उपटले, आता जरा कापते." मालक पुढचं काही बोलायच्या आत फोन बंद.

मालक म्हणजे वहिनीचे सासरे. फरशांच्या एका जुन्या गोदामात ते सव्वीस वर्षं कुस्तीची कंपनी चालवत होते. ही कुस्ती ठरवून केलेली. कोण जिंकणार, कोणाचा मुखवटा फाटणार, कोण कितव्या मिनिटाला लोखंडी खुर्ची उचलणार, हे सगळं गुरुवारी चहावर ठरायचं आणि रविवारी दुपारी चार वाजता तीनशे माणसं ते बघून घसा फोडायची. ती माणसंही काही दूधखुळी नव्हती. आतलं गुपित त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी ती दर रविवारी रागाने लाल होऊन घरी जायची. "निकाल खोटा, आपटणं खरं," असं सासरे म्हणायचे, आणि त्यांच्या पाठीचे मणके पाहिले तर ते पटायचं. वहिनीने ते पाहिले होते. ती इस्पितळात एक्स-रे काढायची.

वहिनीला कंपनीत सगळेच वहिनी म्हणायचे. तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा प्लंबर, जो रिंगमध्ये 'काळा गेंडा' व्हायचा, तोही. रविवारी ती कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसायची; शेजारी बर्फाचा डबा आणि चिकटपट्ट्या. आत गेलेला माणूस बाहेर आला की ती त्याला हात वर करायला लावायची, मान फिरवायला लावायची आणि "जा, जिवंत आहेस," म्हणून सोडून द्यायची. अकरा वर्षांत रिंगच्या आत तिने पाऊल टाकलं नव्हतं.

त्या गुरुवारी जेवताना सासऱ्यांनी ताटातून मान वर केली. अडगळीतल्या कपाटाकडे 'हे बाहेरच्या खोलीत चालेल का' असं बघतात, तसं त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"तुझी उंची किती गं?"

"पाच पाच. का?"

"आणि वजन?"

"बाबा, वजन कशाला हवंय?"

"म्हणजे चालेल," सासरे म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

वहिनीच्या नवऱ्याला ठसका लागला. सासू म्हणाली, "छे, हिला नाही जमायचं. हिचा स्वभाव मऊ आहे." सासूने सुनेबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द, आणि तोही नको त्या वेळी.

समोर बसलेल्या बारकीने पाण्याचा पेला आपटला आणि भिंतीवरच्या घड्याळाला सांगितलं, "कुणाला रिंगमध्ये आणायचं ते ठरवताना, ज्यांना तिथे मार खायचाय त्यांना विचारायची पद्धत असते."

बारकी म्हणजे वहिनीची नणंद. जन्मली तेव्हा बारकी असेलही. आता पावणेसहा फूट उंच, आणि दारातून आली की दार लहान वाटायचं. रिंगमध्ये तिचं नाव 'वीज'. सगळ्यात वरच्या दोरावर चढून ती समोरच्या बाईवर झेप घ्यायची तेव्हा अख्खं गोदाम उभं राहायचं. लोकांचा तिच्यावर फार जीव. घरात मात्र ही वीज कधी कुणावर पडेल याचा नेम नसायचा, आणि गेले पाच महिने ती वहिनीशी बोलत नव्हती. म्हणजे बोलायची, पण वस्तूंशी. "कुणीतरी गीझर चालू ठेवलाय," हे बादलीला. "कुणाच्या तरी केसांचा गुंता मोरीच्या जाळीत अडकलाय," हे साबणाला.

कारणही तसंच होतं. पाच महिन्यांपूर्वी बारकी एका दुपारी इस्पितळात आली, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन, तोंड वाकडं करून. डावा खांदा निघून पुन्हा आपोआप बसला होता. वहिनीने फोटो काढला. पडद्यावर दिसलं ते दोघींनीही पाहिलं: खांद्याच्या गोळ्याला मागच्या बाजूने खाच पडली होती, जशी दगडावर आपटलेल्या चेंडूला पडते. हा खांदा पुन्हा निघणार. बारकी म्हणाली, "वहिनी, घरी बोलायचं नाही हं. शप्पथ." वहिनी म्हणाली, "नाही बोलणार."

चार दिवस ती बोलली नाही. पाचव्या दिवशी भाजी चिरता चिरता नवऱ्याला म्हणाली. नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. तो कंपनीत माइकवर घोषणा करतो, ती सवय घरीही सुटलेली नाही. तासाभरात सासऱ्यांना कळलं. त्यांनी बारकीचा विजेतेपदाचा पट्टा काढून घेतला आणि तिला पाच महिने तिकिटं फाडायला बसवलं. वहिनीचं म्हणणं, मी गप्प राहिले असते आणि हात कायमचा गेला असता तर? हे अगदी बरोबर होतं. बारकीचं म्हणणं, तू शब्द दिला होतास. हेही अगदी बरोबर होतं. दोन्ही बरोबर असली की भांडण मिटायचं काही कारण उरत नाही.

आता दहा दिवसांनी बारकी परत येणार होती, पट्टा परत मिळवायला. आणि समोर कोणी नव्हतं.

"मी करते," वहिनी म्हणाली.

नवरा नंतर खोलीत म्हणाला, "अगं, वेडबिड लागलंय का तुला?"

"ती खेळणारच आहे. माझ्याशी नाही तर आणखी कुणाशी. ती दुसरी येईल आणि पहिल्या झटक्यात डावा हात धरेल. मला निदान ठाऊक आहे, कुठे धरायचं नाही."

"आणि ती तुला कुठे धरेल?"

वहिनीने दिवा मालवला.

तालमीला तिसरा माणूस लागला, कारण दोघींचं बोलणं नाही. हे काम रेफरीवर आलं. रेफरी दिवसा गाडी चालवायला शिकवायचा. त्यामुळे समोरचा माणूस कितीही भलतीकडे गेला तरी तो ओरडत नसे, फक्त त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा.

"तिला सांग, मागे पडताना हनुवटी छातीला लावायची," बारकी रेफरीला म्हणाली.

"वहिनी, हनुवटी छातीला."

"तिला सांग, लावली."

"लावली म्हणतायत."

"तिला सांग, ती हनुवटी नाही, नुसतं तोंड पाडलंय."

रेफरीने पाय दाबला. "हे मी नाही सांगणार," तो म्हणाला.

पहिल्या चार दिवसांत वहिनीला अंगातली अशी हाडं कळली, ज्यांचे तिने वर्षानुवर्षं नुसते फोटो काढले होते. टीव्हीवर रिंग गादीसारखी दिसते. खाली लाकडी फळ्या, त्यावर बोटभर फोम, त्यावर ताणलेलं कापड. पाठीवर पडलं की दातांत आवाज येतो. पण ती शिकली. अंगात ताकद फार नव्हती, पण माणसाचं शरीर कुठे कसं ठेवायचं हे तिच्या हातांना ठाऊक होतं. रोज शंभर माणसांना ती तेच करायला लावायची: हात इथे, मान तिकडे, श्वास घ्या, धरा, सोडा.

खरी पंचाईत झेपेची. बारकी वरच्या दोरावरून उडणार आणि वहिनीने तिला छातीवर झेलून दोघींनी मिळून पडायचं. न झेलली, तर बारकी सरळ फळ्यांवर. लोकांना वाटतं झेलणाऱ्याला लागतं. उडणाऱ्याचा जीव झेलणाऱ्याच्या हातात असतो.

बारकी दोरावर चढली आणि तिथेच उभी राहिली. रेफरीने घड्याळ पाहिलं.

"तिला विचार, झेलणार आहे का," बारकी वरून म्हणाली.

रेफरीने तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "उडी मार गं बाई, मला संध्याकाळची ड्यूटी आहे."

बारकी उडाली. वहिनीने झेललं, पण गुडघे ताठ ठेवून. दोघी अशा आदळल्या की छताच्या पत्र्यावरची कबुतरं उठली. धूळ खाली बसल्यावर बारकी वहिनीच्या अंगावरून न उठताच म्हणाली, "गुडघे वाकव. कंबर जाईल." सरळ तिलाच. मग लक्षात आल्यावर तिने घाईघाईने तेच वाक्य रेफरीलाही सांगितलं.

नाव बारकीनेच दिलं. जेवताना सासरे म्हणाले, हिच्यासाठी काहीतरी नाव पाहिजे, जरा कडक. बारकी मिठाच्या बरणीला म्हणाली, "हाडवैरीण." सासरे खूश. हाडांचा धंदाही आला आणि वैरही आलं. सासूने पांढऱ्या कोटावर पाठीचा कणा शिवून दिला. मणके मोजून वहिनी म्हणाली, दोन जास्त झालेत. सासू म्हणाली, लांबून कोण मोजतंय.

रविवारी चार वाजता पडद्यामागे उभी राहून वहिनी कोटाची बटणं लावत आणि काढत होती. तेवढ्यात माइकवर नवऱ्याचा आवाज आला. घरी "मीठ दे" हेही नीट ऐकू न येणारा माणूस गरजत होता:

"मंडळी! आता येते आहे ती, जिच्या जिभेला हाड नाही! जी गोड हसते आणि पाठीमागे चुगल्या करते! जिच्या पोटात एक, ओठांत एक! जिने स्वतःच्या नणंदेला, हो मंडळी, सख्ख्या नणंदेला रस्त्यावर आणलं!"

हे एवढं याला कधीपासून सुचलेलं होतं, असा विचार करतच वहिनी बाहेर पडली.

तीनशे माणसांनी एकदम "हूऽऽ" केलं. आवाज भिंतीसारखा अंगावर आला. गंमत म्हणजे तिला बरं वाटलं. अकरा वर्षं सगळ्यांशी जमवून घेत, आवाज खाली ठेवत, "असू दे" म्हणत जगलेल्या बाईला कळलं, की तीनशे माणसांना आपण एका वेळी न आवडणं यात एक प्रकारची विश्रांती आहे. कुणाचंच मन राखायचं नाही! ती रिंगमध्ये चढली आणि तिने नवऱ्याच्या हातातून माइक हिसकावून घेतला. हे ठरलं नव्हतं.

"गप्प बसा," ती म्हणाली. "तुम्ही, निळा शर्ट. ओरडताना वाकू नका, तुमच्या कमरेत गॅप आहे, इथून दिसतंय. आणि तुम्ही मावशी, ही अशी मान पुढे काढून बसलात तर दोन वर्षांनी मानेला पट्टा लागेल, मग यालच माझ्याकडे. सगळे येणार तुम्ही माझ्याकडे. एक एक करून. कपडे काढून."

गोदामाने शिव्यांचा पाऊस पाडला. पडद्याआड सासऱ्यांनी काळ्या गेंड्याच्या दंडाला घट्ट धरलं आणि म्हणाले, "ही आमच्या घरात होती?"

पुढची सात मिनिटं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. वहिनीने पाठीमागून हल्ला केला. डोळ्यांत बोटं घातली, म्हणजे कपाळावर. बारकीने तिला दोनदा उचलून आपटलं, आणि दोन्ही वेळा वहिनीची हनुवटी छातीला होती. पहिल्या रांगेत सासू बसली होती. सव्वीस वर्षं ती याच खुर्चीवर बसत आली होती. कोण जिंकणार हे तिला गुरुवारपासून माहीत असायचं, आणि तरी ती दर वेळी खरीखुरी चिडायची. आत्ता ती सुनेला उद्देशून असं काही बोलत होती जे या अकरा वर्षांत बहुधा तिच्या मनात तयार होऊन पडलेलं असावं.

आठव्या मिनिटाला वहिनीने बारकीला तिच्या उजव्या हाताला धरून खेचलं आणि दोरांवर फेकलं. दोरावरून मागे येताना बारकीने तोल सावरायला, हजार वेळा केलं तसं, डाव्या हाताने वरचा दोर धरला. हात वर आणि मागे गेला. लोकांना काही ऐकू आलं नसेल. वहिनीला 'टक्' ऐकू आलं.

बारकी गुडघ्यांवर बसली. तिच्या खांद्याची गोलाई गेली होती. तिथे टेबलासारखा कोपरा निघाला होता.

वहिनी तिच्यावर वाकली, केस धरल्यासारखं केलं आणि चेहऱ्यावरचं दुष्ट हसू न हलवता म्हणाली, "गेला?"

"गेला."

"थांबवते."

कंपनीत खरं काही झालं तर त्याची एक खूण होती: दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरायचे, मग घंटा वाजायची आणि शो बंद. वहिनीचे हात कोपरापर्यंत वर गेलेही होते.

"थांबवलंस तर बघ," बारकी दात आवळून म्हणाली. मग एकदम तिचा आवाज लहान झाला. "वहिनी, नको ना. पाच महिने तिकिटं फाडलीत मी. चौथ्यांदा निघालाय, बसतो आपला आपण. नको ना."

चौथ्यांदा. वहिनीला फक्त पहिली वेळ माहीत होती.

"बोटं हलव," ती म्हणाली. "सगळी. अंगठा. करंगळी. इथे हात लावलेला कळतोय?" बोटं हलली. मनगटात नाडी लागत होती. लोक ओरडत होते: सोड तिला, सटवे! वहिनीने काय करायचं ते ठरवलं. "तीन मिनिटं. तेवढ्यात बसला नाही तर मी हात वर करते, मग जन्मभर गीझरशी बोल. पालथी पड, कडेला."

तिने बारकीला ओढल्याचा आव आणत रिंगच्या कडेला आणलं. बारकी पोटावर आडवी, डावा हात खालच्या दोराखालून रिंगबाहेर लोंबकळता. वहिनी दोरांतून खाली उतरली आणि तिने दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं.

इस्पितळात हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. तिचं काम आधी फोटो काढायचं आणि नंतर फोटो काढायचं. मधलं काम डॉक्टरांचं. मधलं तिने कधी केलं नव्हतं, आणि फोटोशिवाय असल्या हाताला कुणी हात लावला असता तर तिनेच आधी आरडाओरडा केला असता. झटका द्यायचा नाही, एवढं तिला ठाऊक होतं. हळूहळू, एकसारखं, खाली. स्नायू दमायची वाट बघायची.

ती ओढू लागली. गोदाम पेटलं. सगळ्यांच्या लाडक्या विजेचा हात ही बया दोराबाहेर काढून मुळासकट उपटत होती, तीही सगळ्यांच्या नाकासमोर, वर चेहरा असा शांत की जणू दूध आणायला रांगेत उभी आहे.

दोराबाहेर हात पकडला तर रेफरीने पाचपर्यंत मोजायचं असतं. रेफरी धावत आला. "एक!"

"हळू मोज," वहिनी ओठ न हलवता म्हणाली. "खरा निघालाय."

रेफरीचा उजवा पाय फळीवर दाबला गेला. मग त्याने जे केलं ते कंपनीत पुढे बरेच दिवस सांगितलं जायचं. त्याने "दोन" म्हटलं, मग बुटाची नाडी बांधली. "अडीच" म्हटलं. निळ्या शर्टवाल्याने शिवी दिली तर त्याच्याशी वाद घातला. परत येऊन विचारलं, "कितीवर होतो मी?" आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.

"श्वास घे," वहिनी बारकीच्या कानाशी कुजबुजत होती. "सोड. खांदा सैल सोड. तू धरून ठेवलायस, सोड तो."

"दुखतंय गं."

"दुखणारच. ओरड. तुला कुणी नाही म्हणणार आहे का इथे?"

बारकी ओरडली. खरं ओरडली. मुलं रडायला लागली. माइकवर नवऱ्याचा आवाज चिरकला, "मंडळी, अशी निर्दय बाई मी जन्मात पाहिली नाही!" आणि त्याला ते मनापासून वाटत होतं.

त्याच क्षणी पहिल्या रांगेतून एक चप्पल आली आणि वहिनीच्या कानाखाली बसली.

"सोड माझ्या पोरीला!" सासू उभी होती, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी.

वहिनीने मनगट सोडलं नाही. कान झणझणत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ती तशीच म्हणत राहिली, "श्वास घे. धर. सोड. शाब्बास. अजून एकदा. सोड." मग तिच्या तळव्यांना कळलं: वरती काहीतरी घसरलं, अडखळलं आणि आत गेलं. बारकीच्या तोंडून लांब उसासा निघाला. गोल खांदा परत दिसू लागला.

"बसला," बारकी कापडात तोंड खुपसून म्हणाली. ती हसत होती की रडत, ते वहिनीला दिसलं नाही.

"बोटं?"

"हलतायत. वहिनी, आता झेप."

"झेप गेली खड्ड्यात. तो हात पोटाशी धर, हलवायचा नाही."

"मग जिंकू कशी?"

"उजवा आहे ना? मार मला."

"खोटी थप्पड एका हाताने नीट बसत नाही. दुसऱ्या हाताचा आवाज लागतो."

"मग खरी मार."

वहिनी रिंगमध्ये चढली, लोकांकडे वळून हात पसरून हसली, आणि मागे फिरली. बारकी उभी होती, डावा हात पोटाशी, घामाने निथळत. तिने उजवा हात मागे नेला. चाळणीतून पीठ पडावं तसं तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी गळून गेलं. मग तिने वहिनीला अशी एक ठेवून दिली, की मागच्या भिंतीजवळ बसलेल्यांनीही तिचा आवाज ऐकला. त्यात चहाडी होती, तिकिटं होती, आणि बहुधा लग्नानंतर पहिल्या वर्षी वहिनीने बारकीच्या भावाला वेगळं राहायचं सुचवलं होतं तेही होतं.

वहिनीला पडायची नक्कल करावी लागली नाही. छत दिसलं, कबुतर दिसलं, मग छातीवर बारकीचं वजन आलं. रेफरीने या वेळी भराभर मोजलं. एक, दोन, तीन.

आत कपडे बदलायच्या खोलीत सासरे हवेत होते. "तो हात ओढायचा प्रकार कुणाचा? ठरलं तर नव्हतं! पुढच्या रविवारी पुन्हा पाहिजे!" काळा गेंडा टाळ्या वाजवत होता. नवरा बायकोपासून सुरक्षित अंतरावर उभा होता. मग सासऱ्यांचं लक्ष मुलीच्या हाताकडे गेलं. तो अजून पोटाशीच होता. टाळ्या थांबल्या.

"काय झालंय?" त्यांनी सुनेला विचारलं. "तुला माहीत असणार."

वहिनीने गालावर बर्फाची पिशवी धरली होती. "माझं तोंड सुजलंय, बाबा. मला बोलता येत नाही."

बारकीने वहिनीकडे पाहिलं, मग तिथल्या बर्फाच्या डब्याकडे पाहिलं, जणू त्यालाच सांगावं का असा विचार करत. शेवटी ती बापाकडे वळली.

"खांदा निघाला होता. हिने बसवला. याआधीही निघालाय, तीनदा. ऑपरेशन करावं लागेल म्हणतात." आणि मग, कुणी काही बोलायच्या आत, "पण पट्टा मी आज जिंकलाय, तो कुणी काढून घ्यायचा नाही."

सासरे खुर्ची न बघताच बसले, आणि खाली खुर्ची होती हे नशीब.

तेवढ्यात दारात सासू आली, लंगडत. सगळं तिने बाहेरूनच ऐकलं होतं. ती सुनेसमोर उभी राहिली. तिने बर्फाची पिशवी बाजूला करून गाल पाहिला, मग कान पाहिला.

"लागली का गं?"

"लागली."

"नेम कसा बसला कुणास ठाऊक," सासू म्हणाली. तिच्या आवाजात वाईट वाटणं होतं, पण थोडा अभिमानही होता. "ती चप्पल कुठे गेली माझी?"

ऑपरेशन पुढच्या महिन्यात झालं. बारकीला सहा महिने रिंग बंद. पट्टा बारकीच्या खोलीत खुंटीवर राहिला आणि रविवारी वहिनी माइक घेऊन लोकांना त्यांची दुखणी सांगू लागली. लोक लांबलांबून शिव्या द्यायला येऊ लागले. भाजीवाल्याने तिला एकदा मुद्दाम नासका टोमॅटो दिला. ती आठवडाभर खुशीत होती.

टाके काढल्यावर बारकी खांद्याचा फोटो काढायला आली, हात झोळीत. वहिनीने तिला यंत्राच्या पाटीसमोर उभं केलं, हनुवटी वळवली.

"एक विचारू?" बारकी म्हणाली. "त्या दिवशी तू खरंच हात बसवत होतीस, की मजा घेत होतीस?"

"दोन्ही," वहिनी म्हणाली. "हलू नकोस."

"ते चहाडीचं मी विसरलेले नाही हं."

"नको विसरू. श्वास धर."

फोटो चांगला आला. स्क्रू सरळ होते, गोळा जागेवर होता. दोघी बाहेर आल्या तर बाकावर एक म्हातारी बसली होती, मनगट फडक्यात बांधलेलं, हातात कागद. तिने वहिनीकडे पाहिलं, डोळे बारीक केले, आणि बाकावरच मागे सरकली.

"ही? ही काढणार फोटो? मी रविवारी पाहिलंय हिला. मी नाही जायची आत."

वहिनी काही म्हणणार, तर बारकीने तिला कोपराने ढोसलं आणि म्हातारीशेजारी जाऊन बसली. म्हातारीने आधी तिचा चेहरा ओळखला, मग झोळीतला हात पाहिला आणि तोंडावर हात नेला.

"खरंय, आजी," बारकी गंभीरपणे म्हणाली. "फार दुष्ट बाई. पण फोटो चांगले काढते. जा तुम्ही, मी इथे दाराशीच बसते. काही झालं तर हाक मारा."

म्हातारीने मनगटावरच्या फडक्याची गाठ आवळली. मग पिशवी बारकीच्या मांडीवर ठेवली. "माझं काही बरंवाईट झालं तर सुनेला फोन कर," ती म्हणाली, उठली, आणि दोन पावलं जाऊन मागे वळली. "सुनेला नको. मुलीला कर."